कठड्याच्या फटीतून महाबळेश्वर

विट्याच्या माणसाला थंडी विकत घ्यावी लागते. पाणीही विकतच घ्यावं लागतं खरं तर, पण त्याचं बरंचसं बिल सरकार भरतं. थंडीचं बिल ज्याचं त्यानं भरायचं, आणि तेही दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे भाव सगळ्यात चढलेला असतो तेव्हा.

पंचांगाप्रमाणे आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. या ऋतूचं कौतुक ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांना ऑक्टोबरातल्या एखाद्या दुपारी आमच्याकडच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं करायला हवं. डोक्यावर पत्रा, समोर खडखडणारे माग आणि बाहेर पावसाळा नुकताच संपल्यामुळे जास्तच चेव आलेलं ऊन. रात्री चांदणं पडतं, नाही असं नाही. पण तोवर माणूस ते बघायच्या स्थितीत राहिलेला नसतो.

याला जबाबदार सह्याद्री. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेघ ओढली तर सव्वाशे किलोमीटरच्या आत आमचा खानापूर तालुका येतो, आणि आमच्या वाट्याला पाचशे-सहाशे मिलिमीटर. समुद्रावरून भरून निघालेला ढग घाटमाथ्यावर सगळं ओझं उतरवतो आणि आमच्या डोक्यावरून हात हलवत पुढं जातो. त्यामुळे आम्ही महाबळेश्वरला जातो ते वाटणीत चांगलं रान मिळालेल्या भाऊबंदाकडं जेवायला गेल्यासारखे. पाहुणचार गोड लागतो, पण नजर बांधावरून फिरत राहते.

तसं बघायला गेलं तर उलट व्हायला हवं. 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये देशात पहिला नंबर विट्याचा आला आणि दुसरा लोणावळ्याचा. थंड हवेच्या ठिकाणाला आम्ही मागं टाकलं. तेव्हा लोणावळेकरांनी सुट्टीत विट्याला येऊन चार दिवस राहावं, आमची गटारं बघावीत, घंटागाडीबरोबर फोटो काढावेत. अजून कुणी आलेलं दिसत नाही.

सहलीचा विषय आमच्या घरात काढला तो अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे मोठे दीर. कोईमतूरला त्यांचं गलाईचं दुकान आहे. विटा आणि आसपासच्या गावांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. भारतातल्या कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यात जाऊन मोठ्यानं "ओ पावणं!" अशी हाक मारावी, एखाद्या बोळातून कुणीतरी भट्टीपुढून उठून बाहेर येतंच. ही सगळी मंडळी वर्षातून एकदा गावाकडं येतात. कुणी दसऱ्याला पालख्यांची शर्यत बघायला येतं, कुणी दिवाळीला, कुणी गावच्या जत्रेला. अण्णा दिवाळीवाले. तमिळनाडू पासिंगची सात माणसांची गाडी घेऊन येतात. ती गाडी दारात लागली, की आमच्या गल्लीतली सगळी पोरं तिच्या नंबरपाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचून जातात.

"कुठंतरी गारव्याला जाऊ," अण्णा म्हणाले. "पोरं चार दिवस एकत्र राहतील."

"गारव्याला कशाला? शुकाचारीला जावा की," आमच्या आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. "झरा हाय, झाडी हाय, माकडं हायती. डब्बा घिऊन गेलं की संध्याकाळी घरात."

आत्यांचं म्हणणं खोडायला सोपं नव्हतं. शुकाचार्यांचं ते ठिकाण आमच्याच तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, आणि खरोखरच गार आहे. पण तिथं जाण्याला सहल म्हणता येत नाही, कारण खर्च होत नाही. अण्णा वर्षभर भट्टीसमोर बसलेले असतात, त्यांना खर्च करायचा होता. महाबळेश्वर ठरलं. आत्यांनी मग दुसरा मुद्दा काढला, की मी येत नाही. तो त्यांनी लगेच मागंही घेतला, कारण त्यांच्याशिवाय धपाटी कोण बांधून देणार हा प्रश्न त्यांनीच उपस्थित केला होता.

खरा विरोध आला तो माझ्या सहा वर्षांच्या थोरल्याकडून. त्याचा किल्ला अंगणात उभा होता.

दिवाळीत किल्ला बांधणाऱ्या मुलाला सुट्टीत घराबाहेर काढणं किती अवघड असतं हे हॉटेलवाल्यांना कळलं तर ते दिवाळीचे दर खाली आणतील. आतून विटांचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून चाळलेली माती, चढावर खाचा पाडून केलेल्या पायऱ्या, आणि सगळीकडे पेरलेले अळीव आणि मोहरी. अळिवाला नुकते मोड आले होते. अशा वेळी गड सोडायचा? त्यात या वर्षी त्यानं बांधला होता प्रतापगड.

"अरे, आपण खरा प्रतापगड बघायला चाललोय," त्याचे बाबा म्हणाले.

"मग याला पाणी कोण घालणार?"

खऱ्या प्रतापगडासाठी खोट्याची आबाळ करायला तो तयार होईना. शेवटी शेजारच्या पोराला किल्लेदार नेमलं. वतन म्हणून रोज दोन चकल्या आणि एक करंजी. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, मांजराला तटावर चढू द्यायचं नाही, आणि महाराजांना सिंहासनावरून हलवायचं नाही. हे सगळं त्यानं पोराकडून तोंडपाठ म्हणून घेतलं, आणि मग गाडीत बसला.

विट्याहून डोंगराकडं जाताना पहिला घाट लागतो तो सुर्लीचा. खरं म्हणजे त्याला घाट म्हणायला स्थानिक अभिमान थोडा असावा लागतो. पण साडेतीन वर्षांच्या धाकटीनं खिडकीतून वळण बघितलं आणि विचारलं, "आला का महाबळेश्वर?" नाही म्हटल्यावर तिनं हा प्रश्न दर पाच मिनिटांनी विचारायचं ठरवलं. ओगलेवाडीत विचारला. आत्या तिला सांगत होत्या की इथं काचेचा कारखाना होता, त्यांचा प्रभाकर कंदील आमच्या माहेरी होता, त्याची काच राखेनं पुसायला लागायची. कंदील म्हणजे काय, ती काच का पुसायची, हे सांगून होईपर्यंत कऱ्हाडचा कृष्णेवरचा पूल आला. "आला का महाबळेश्वर?"

"ही कृष्णा," अण्णांनी गाडी हळू केली. "आपल्या शेताला पाणी येतं ते हिचं. हितं जवळच टेंभू आहे, तिथून वर उचलतात."

टेंभू आमच्याकडच्या लोकांच्या बोलण्यात देवाच्या नावाइतकं येतं. 1996 साली ही उपसा सिंचन योजना सुरू झाली, आणि पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत दुष्काळी गावांपर्यंत पोचायला पुढची कितीतरी वर्षं गेली. माझ्या लग्नाच्या वेळी इकडं कुसळं दिसायची, आता ऊस दिसतो. आगरकरांचा जन्मही याच टेंभूचा, 1856 चा. त्यांनी इथून विचार बाहेर नेले, आम्ही पाणी नेलं. टेंभूचं नाव घेतल्यावर आमच्या बाजूच्या शंभरातल्या नव्व्याण्णव माणसांना मोटारी आठवतात, आणि त्याबद्दल आगरकरांची तक्रार असेल असं मला वाटत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचं पोट भरल्यावरच बुद्धिप्रामाण्य सुचतं हे त्यांनाही पटलं असतं.

पसरणीचा घाट मात्र घाट आहे. वाई मागं पडली, गाडीनं पहिली वळणं घेतली आणि पोरांना गाडी लागली. एकाला लागली की ती संसर्गानं पसरते. थोरला सुरू झाला, त्याचं बघून धाकटी, आणि कोईमतूरचा आठ वर्षांचा पुतण्या, जो इतका वेळ "उटीला छत्तीस हेअरपिन आहेत, मला काही होत नाही" असं सांगत होता, तोही. जाऊबाईंनी पिशव्या पुरवल्या, मी लिंबू कापलं, आत्यांनी आवळासुपारी काढली. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं, पलीकडं डोंगरांच्या रांगा एकामागं एक उभ्या होत्या, आणि गाडीतल्या एकाही माणसानं तिकडं बघितलं नाही. परत येताना बघू म्हटलं. परत येताना सगळे झोपले होते.

अण्णांना प्रत्येक गोष्टीचा कस लावायची सवय आहे, धंदाच तो. महाबळेश्वरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी ते घासून बघितलं. "उंची किती? तेराशेसत्तर मीटर? उटी बावीसशेच्या वर आहे." संध्याकाळी शाल पांघरताना, "थंडी आहे. पण उटीची थंडी हाडात जाते." मक्याचं कणीस खाताना, "उटीला याला मसाला वेगळा लावतात." मी एकदा विचारलं की अण्णा, तुम्ही उटीला किती वेळा गेलात? ते म्हणाले, "अगं, दुकान सोडून जायला जमतं कुठं? दोन तासांवर तर आहे."

गाडीच्या नंबरपाटीमुळे आणखी एक गंमत व्हायची. गाडी थांबली, की गाइड धावत येऊन इंग्रजी-हिंदी मिसळून सगळे पॉइंट म्हणून दाखवायचा. अण्णा काच खाली करून म्हणायचे, "आरं बाबा, आमी विट्याचं." त्यावर तो गाइड मागं सरकून पाटी पुन्हा वाचायचा आणि मग आमच्याकडं बघायचा, आम्ही कुणाची तरी गाडी पळवून आणल्यासारखं. दर मात्र लगेच खाली यायचा.

पहिल्या दिवशी पोरांना काय आवडलं ते सांगते. हॉटेलची लिफ्ट. गरम पाण्याचा नळ, कारण तो डावीकडं फिरवायचा होता. आवारातलं एक कान दुमडलेलं कुत्रं. वेण्णा तलावावर घोडे होते, नावा होत्या, पण धाकटीला घोड्याची लीद जास्त महत्त्वाची वाटली, कारण तिच्यातून वाफ निघत होती. स्ट्रॉबेरी हवी म्हणून तिघांनी गळा काढला. ती दिवाळीत नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लागतात, फळ डिसेंबरच्या सुमाराला बाजारात येतं. शेतात प्लॅस्टिकच्या कागदाला भोकं पाडून लावलेली बोटभर रोपं दाखवली तर थोरला म्हणाला, "आपला अळीव याच्यापेक्षा मोठा झाला असेल."

दुसऱ्या दिवशी पॉइंट. इथं मला एक शोध लागला, तो असा की महाबळेश्वरातले कठडे मोठ्यांच्या कमरेला येतात आणि लहानांच्या डोळ्यांना. म्हणजे आपण ज्याला दरी म्हणतो ते मुलांच्या लेखी दोन लोखंडी नळ्या आणि मधे अनोळखी माणसांचे गुडघे. 1828-29 च्या सुमाराला गव्हर्नर जॉन माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळवली आणि उन्हानं हैराण झालेल्या गोऱ्यांसाठी इथं पेठ वसवली. मग त्यांच्यातल्या एकेकाचं नाव एकेका कड्याला चिकटलं, ऑर्थर, एल्फिन्स्टन, लॉडविक. त्यांच्यापैकी कुणाच्या कडेवर साडेतीन वर्षांचं पोर होतं असं त्यांनी निवडलेल्या जागांवरून वाटत नाही.

ऑर्थर सीटला मी धाकटीला घट्ट धरून उभी होते. समोर सावित्रीचं खोरं. कडे असे सरळ तुटलेले, की बघताना आपल्याच पोटात खड्डा पडतो. पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे उतारांवर गवत अजून हिरवट-पिवळं होतं आणि खाली कोकण धुरकट निळं. मी म्हणाले, "बघ गं, केवढं खोल!" उत्तर नाही. वाकून बघितलं तर ती कठड्याच्या बुडाशी उकिडवी बसली होती. तिथं एक मुंगळा भेळेतला कुरमुरा ओढत चालला होता. स्वतः उलटा, मागं मागं सरकत, आणि कुरमुरा त्याच्या तिप्पट. फरशीच्या फटीपाशी तो अडकला. मुंगळ्यानं पकड सोडली, कुरमुऱ्याला एक चक्कर मारली, दुसऱ्या टोकानं धरला, पुन्हा अडकला. धाकटीनं आपली ओढणी आवरावी तसा फ्रॉक गुडघ्यात गोळा केला होता आणि तोंड उघडं ठेवून बघत होती. मी पुन्हा म्हणाले, "अगं वर बघ की." ती म्हणाली, "आई, पाय काढ. त्याला जायचंय."

मी पाय काढला. आणि खरं सांगायचं तर कुरमुरा फटीतून पलीकडं जाईपर्यंत मीही दरीकडं बघितलं नाही.

तिथंच वाऱ्याची ती करामत असते. कड्याशी आपटून वारा वर येतो, त्यामुळे बाटलीचं झाकण वगैरे हलकी वस्तू खाली टाकली तर ती परत वर तरंगत येते. लोक टाकत होते, ओरडत होते. पुतण्यानं खिशातून चॉकलेटचा कागद काढला. तेवढ्यात थोरला त्याच्यावर धावला. "टाकू नको! सुका कचरा आहे तो!" आजूबाजूची पन्नास माणसं वळून बघायला लागली. विट्याच्या पोरांना बालवाडीपासून ओला-सुका शिकवलेला असतो, त्याला काय करणार. "परत येतो की वर," पुतण्या म्हणाला. "नाही आला तर?" या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नव्हतं, आणि झाकण टाकणाऱ्या एका काकांनी ते गुपचूप खिशात घातलेलं मी बघितलं. शेवटी झाडाचं वाळकं पान टाकायचं ठरलं. पान ओल्यात धरायचं की सुक्यात यावर थोडी चर्चा झाली. पान गेलं, गरगरलं, आणि आत्यांच्या डोक्यावर येऊन पडलं. त्या दिवसातलं सगळ्यात यशस्वी दृश्य ते.

मग क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेचं देऊळ गावातल्या पॉइंटांपेक्षा आत्यांना जास्त पटलं, कारण तिथं चपला बाहेर काढायच्या असतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री, पाच नद्या इथं उगम पावतात अशी श्रद्धा आहे, आणि त्यांचं पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं. धार मनगटाएवढी असेल. गार, काचेसारखी, अखंड.

माझ्या नवऱ्यानं पोरांना समजावून सांगायला घेतलं. ही कृष्णा इथून निघते. वाटेत माहुलीला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते. मग टेंभूला मोटारी लावून पाणी वर चढवतात, ते कालव्यानं आपल्या रानात येतं. सावित्री मात्र उलटी, खाली कोकणात उतरते.

"म्हणजे हेच पाणी आपल्याकडं येतं?" थोरल्यानं विचारलं.

"हेच."

आत्यांनी पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि धारेखाली धरली. "आई, हेच पाणी आपल्याकडं येतंय म्हणून सांगतोय की," नवरा म्हणाला.

"त्यात लै गावांनी तोंड धुतल्यालं असतंय," आत्या म्हणाल्या आणि बाटली काठोकाठ भरून घेतली.

बाटली भरली तरी त्या तिथंच उभ्या राहिल्या. 1972 च्या दुष्काळात त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर रस्त्याच्या कामावर जायच्या, आई खडी फोडायची आणि ह्या सुकडीच्या रांगेत उभ्या राहायच्या. रेशनला तांबडी मिलो मिळायची, तिच्या भाकरीचं नाव काढलं तर अजून तोंड वाकडं करतात. हे सगळं त्यांनी आम्हाला पूर्वी सांगितलेलं, त्यामुळे त्या दिवशी सांगायची गरज नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "आमी हिरीच्या तळाला उतरून वाटीनं पानी भरायचो. आन हितं गाय नुस्ती तोंड उगडून उभी हाय." त्यात हेवा होता, थोडा राग होता, आणि हात जोडलेलेही होते.

एवढ्यात पुतण्यानं हात पुढं केला आणि तळवा गोमुखावर घट्ट दाबून धरला.

पाणी थांबलं. म्हणजे खालची धार थांबली. बोटांच्या फटींतून ते आडव्या कारंज्यासारखं उडालं आणि आत्यांच्या लुगड्यावर, पुढच्या दोन भाविकांवर आणि नवऱ्याच्या मोबाइलवर बसलं.

"अरे काय करतोयस?"

"वरच्यांनी बंद केलं की खालच्यांना मिळत नाही," तो शांतपणे म्हणाला. "आमच्याकडं सगळे म्हणतात."

आम्हाला समजायला क्षणभर वेळ लागला. पोरगं तमिळनाडूत वाढलेलं. कर्नाटकानं कावेरीचं पाणी सोडलं का, किती सोडलं, का सोडलं नाही, हे तिथं शाळेत जाणाऱ्या मुलांच्याही कानावर रोज पडतं. त्याच्या आसपासचे सगळे कावेरीच्या खालच्या अंगाचे. आज आयुष्यात पहिल्यांदा तो एखाद्या नदीच्या वरच्या टोकाला उभा होता, आणि वरचा माणूस नेमकं काय करतो ते त्याला करून बघायचं होतं.

"आता विट्याचं पाणी बंद झालं?" थोरल्यानं काळजीनं विचारलं. त्याच्या डोळ्यांपुढं अळीव आला असणार.

"विट्याचं, कर्नाटकचं, आंध्रचं, सगळ्यांचं," पुतण्या म्हणाला. हात त्यानं तसाच धरला होता, बोटं गारठून लाल झाली होती.

कृष्णेच्या पाण्याच्या वाटपासाठी 1969 साली बच्छावत लवाद बसला. 1973 मध्ये त्यानं निवाडा दिला, शेवटी महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी आलं. त्यानंतर दुसरा लवाद झाला, राज्यं वाढली, कोर्टं झाली, अजून वकील उभे आहेत. इतक्या थोर माणसांनी इतकी वर्षं डोकं लावूनही नदी कुणाला अशी एका हातानं अडवता आली नव्हती. आठ वर्षांच्या पोरानं ती अडवली, आणि सोडायचं त्याच्या मनात दिसत नव्हतं.

आत्यांनी त्याच्या मनगटावर एक चापट मारली. "सोड मुडद्या, खाली लोकं हायती!"

धार पुन्हा सुरू झाली. लवादानं एवढ्या झटपट काम केलं असतं तर किती बरं झालं असतं, असं पदर पिळता पिळता माझ्या मनात आलं. मागं उभ्या असलेल्या भाविकांपैकी एक आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "राहू द्या हो, तीर्थच आहे."

प्रतापगडाचं थोडक्यात सांगते. 1656 साली मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधून झालेला हा किल्ला थोरल्याच्या पसंतीला पुरता उतरला नाही. बुरूज चांगले आहेत, पायऱ्या बऱ्या आहेत, नेहरूंनी 1957 मध्ये अनावरण केलेला महाराजांचा पुतळा मोठा आहे हे त्यानं मान्य केलं. "पण वाघाची गुहा कुठाय?" प्रत्येक दिवाळीच्या किल्ल्याला पायथ्याशी गुहा असते आणि तिच्यात प्लॅस्टिकचा वाघ असतो. गाइडनं आधी हसून सोडून दिलं, मग पोरगं मागंच लागल्यावर तो म्हणाला, "वाघ हितं नाही बाळा, पलीकडं कोयनेच्या जंगलात." त्यावर थोरल्यानं बापाकडं असं बघितलं की एवढे पैसे देऊन आणलं, आणि वाघ पलीकडं. भवानीच्या देवळापाशी अण्णा बराच वेळ एकटेच उभे होते. नंतर तटावर आले, खालच्या जावळीच्या रानाकडं बघत राहिले. उटीला किल्ला नाही, एवढंच म्हणाले.

घरी आलो तेव्हा महाराज सिंहासनावर होते, अळीव चांगलाच वाढला होता आणि किल्लेदारानं चकल्यांची थकबाकी मागितली. अण्णांची सुट्टी संपली. निघताना आत्यांनी गाडीत शेंगदाण्याची चटणी, धपाटी, चिवड्याचा डबा आणि गोमुखाच्या पाण्यातली अर्धी बाटली भरून दिली. उरलेली अर्धी देवघरात आहे.

महिन्याभरानं अण्णांचा फोन आला. सोन्याचा भाव, पाऊस, आईची तब्येत असं बोलून झाल्यावर म्हणाले, पोराच्या वर्गशिक्षिकेचा फोन होता. वर्गात सुट्टीत काय केलं ते सांगायचं होतं, तर ह्यानं उभं राहून तमिळमध्ये सांगितलं, की मी महाराष्ट्रात जाऊन एक नदी बंद केली. कुणाचा विश्वास बसेना, हा ऐकेना, मारामारीची वेळ आली. बाईंनी शेवटी अण्णांनाच विचारलं की हे काय आहे, मुलगा खोटं बोलायला लागलाय का.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"खरं ते सांगितलं. म्हटलं, हो मॅडम, बंद केली होती. पण फार वेळ नाही, आमच्या आईनं लगेच चालू केली."